खंडेनवमीचा पंप

तात्या,

त्या पंपाची बिलावरची किंमत मला आता आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही, कारण खरी किंमत बिलावर नव्हतीच. खरी किंमत अशी पडली. सांगवीच्या घरची दुभती म्हैस गेली. म्हैस गेली तसा दुधाचा चहा गेला, आणि बायको पुढचं सगळं वर्ष मला कोरा चहा देत राहिली, तोंडानं एक अक्षर न बोलता, कप मात्र जरा आवाज करून ठेवत. आणि तिसरा तुमचा अबोला. म्हशीचं एक बरं, दुसरी आणता आली. अबोल्याचं तसं नव्हतं. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला, तरी तो कुठंतरी कानात वाजतोच आहे. आत्ता समोर तोच पंप आहे. नुकतंच त्याचं तेल बदललं, गरम असतानाच, आणि हात पुसता पुसता वाटलं की आज तुम्हांला लिहावं.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा पोरगा नव्हतो. लग्न झालेलं होतं, कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनकीला विटलो होतो. इंदापूरच्या एसटी स्टँडमागं तुमचं फ्रीज दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान, दारात कडुलिंब, आत एका ओळीत दारं उघडून ठेवलेले फ्रीज. आमच्या घरात मेंढरं माझ्या वडिलांपर्यंत होती, आणि मीही शाळा सुटली की त्यांच्यामागं असायचो. मेंढरांमागं चालणाऱ्याचा कान आपोआप तयार होतो; पाठ करून बसलं तरी कळपातलं कोणतं मेंढरू लंगडतंय ते पायांच्या आवाजावरून कळतं. पहिल्या दिवशी तुम्ही एक फ्रीज चालू करून बसला होता. मी दारातच म्हणालो, "आत डाव्या अंगाला काय तरी सुटलंय." तुम्ही कंप्रेसर कापलात तर आतली स्प्रिंग तुटलेली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कान तिखट हाय. आता हात कसा हाय ते बगू."

त्या कानावर मी पुढं बारामतीत दुकान उभं केलं. एमआयडीसीत कारखाने येत होते, बँकांत कॉम्प्युटर येत होते, आणि कॉम्प्युटरला माणसापेक्षा गारवा जास्त लागत होता. माझ्या कानाची एक गोष्ट आजही ह्या भागात सांगितली जाते: ह्या माणसानं इंदापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नुसत्या आवाजावरून ओळखलं, की पंपाच्या तेलात पाणी गेलंय. मीही सांगतो. चहाच्या गाड्यावर सांगतो, लग्नाच्या पंगतीत सांगतो, नव्या मेकॅनिकांपुढं तर हमखास. सांगताना डोळे मिटून मान जरा कलती करतो. तेवढं नाटक जमतं मला.

पण पंप का घ्यावा लागला, ते आधी. त्या दवाखान्याच्या ऑपरेशनच्या खोलीचं एसीचं मशीन पहिल्यांदा आपणच बसवलं होतं, तुम्ही आणि मी मिळून. मशीनच्या नळ्यांत गॅस भरण्याआधी आतली हवा काढावी लागते. हवेबरोबर जी ओल असते ती खरी वैरीण. ती आत राहिली की गॅसशी आणि तेलाशी मिळून आंबते आणि कंप्रेसरच्या तारा आतून खात सुटते. वरून काही दिसत नाही. मशीन छान गार करतं, लोक पेढे देतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी कंप्रेसर बसतो. तुमची रीत जुनी होती. एका बाजूनं थोडा गॅस सोडायचा, दुसऱ्या बाजूनं हवा बाहेर ढकलायची, धूप घातल्यासारखं, म्हणून आपण त्याला धुपवणं म्हणायचो. फारच मोठं काम असलं तर तुमचा देशी पंप, म्हणजे भंगारातल्या फ्रीजचा कंप्रेसर उलटा जोडलेला. फ्रीजना ते चालून गेलं. दवाखान्याच्या मशीनला चाललं नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते, घाई होती, आपण धुपवून मोकळे झालो. पुढच्या मे महिन्यात कंप्रेसर जळाला. तेल काढलं तर काळंकुट्ट, त्याचा आंबूस वास माझ्या नाकातून अजून गेला नाही.

डॉक्टर तुम्हांला काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी फोन माझ्या दुकानाशेजारच्या एसटीडीवर आला, तुमच्या नाही. तुम्हांला ते कळलं. आणि त्याच पंधरवड्यात मी म्हैस विकून पंप घ्यायचं ठरवलं, तेही तुम्हांला कळलं. माझ्या डोक्यात पंप होता, तुमच्या डोक्यात निकाल. गावाला ओरडून सांगावं, की आजवर तात्यांनी केलं ते चुकीचं होतं, तसा तुम्ही तो घेतलात. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत.

गंमत अशी, की अबोला धरूनही तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला आलात. पुण्याचे दुकानदार मला फसवतील, हा तुमचा विश्वास अबोल्याहून मोठा होता. दुकानात दोन पंप टेबलावर आले. एक मोठा, रंग चकचकीत, हवा भसाभसा ओढणारा, आणि स्वस्त. दुसरा त्याच्या निम्म्या अंगाचा, पण आत दोन टप्पे. पहिला टप्पा ओढून देतो ते दुसरा पुन्हा ओढतो. दुकानदार मोठ्याकडं बोट दाखवत होता. "साहेब, ताकद बघा." मी म्हटलं, दोन्ही चालू करा आणि तोंडावर अंगठा धरू द्या. मोठ्याच्या तोंडावर अंगठा धरला, तो गुरगुरत राहिला, जरा कमी, पण गुरगुरतच. म्हणजे शेवटची हवा त्याच्या हाती लागत नव्हती, पोटात बुडबुडे फिरतच होते. लहानाच्या तोंडावर अंगठा धरला, तसा तो आधी खळखळला, मग गप्प होत गेला, आणि मग त्याच्या पोटातून कोरडी, बारीक टिकटिक यायला लागली. हवा संपली की तेल आत लोखंडावर आपटतं, त्याचा तो आवाज. तेल दिसायला काच होती, ओल बाहेर टाकायला एक छोटा व्हॉल्व्ह होता, सुट्टे भाग मिळतील अशी खात्री होती. मी लहान घेतला. तुम्ही दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसला होता, पण टिकटिक सुरू झाली तेव्हा तुमची मान किंचित वळलेली मी पाहिली.

एसटीत पोत्यात गुंडाळलेला पंप माझ्या मांडीवर. आडवा करायचा नाही, तेल सांडतं. कंडक्टर येतो, पोत्याकडं बघतो, म्हणतो, "काय हाय ह्यात?"

"पंप."

"हिरीवरचा? एवढुसा?"

मी उत्तर द्यायच्या आत तुम्हीच बोललात, माझ्याशी नाही, कंडक्टरशी. "हवा काडायचा पंप हाय त्यो."

"हवा काडाया पंप कशाला लागतुय?"

"त्येच मी इचारतुय कवापास्नं," तुम्ही म्हणालात. "सांगा की ह्येला तुमीच."

सगळी गाडी हसली, मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिलात. पण बारामतीच्या अलीकडं रस्ता फुटलेला होता, तिथं गाडी उसळली तशी तुमचा हात आपोआप पंपाच्या बुडाला लागला आणि रस्ता बरा होईपर्यंत तिथंच राहिला.

मग मी त्या पंपाचे नियम केले. तेल काचेच्या मध्यावर, ना वर ना खाली. तेल पंपाचंच, ट्रॅक्टरचं किंवा इंजिनचं हाताशी आहे म्हणून घालायचं नाही. जळालेल्या मशीनवर वापरला की काम संपताच तेल बदलायचं, गरम असताना, म्हणजे घाण तळाशी बसत नाही. तोंडाला टोपण लावल्याशिवाय गाडीत ठेवायचा नाही. बंद करण्याआधी मधला व्हॉल्व्ह फिरवायचा, नाहीतर मशीनमधली पोकळी पंपातलं तेल उलटं ओढून घेते. कुणाला उसना द्यायचा नाही. हे नियम मी तुमच्या दुकानात, तुम्हांला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तुमच्या दुसऱ्या कारागिराला सांगायचो. तुम्ही त्या वेळी नेमका जोरात हातोडा मारायचात.

एक गोष्ट मात्र अबोल्यातही सुटली नव्हती. दुकान वेगळं झालं तरी खंडेनवमीची पूजा एकत्र. माझी सगळी हत्यारं मी आदल्या दिवशी तुमच्याकडं आणून ठेवायचो. तुम्ही ती धुऊन, पुसून पाटावर मांडायचात, आणि दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षीही ठेवली. पंप न्यावा की नेऊ नये, असं मनात आलं. नेला. न नेणं म्हणजे आणखी एक निकाल झाला असता.

सकाळी आलो तर पाटाच्या मधोमध पंप. तुमचा देशी पंप, ज्यानं तुम्ही सगळं आयुष्य काढलंत, तो बाजूला, पान्यांच्या रांगेत. पंपावर झेंडूची माळ, अंगावर हळदीचं स्वस्तिक, आणि तेलाच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट. सगळी हत्यारं चकचकत होती, पाटाखाली ओल होती. मी पाया पडलो तर तुम्ही किती महिन्यांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोललात. "परसाद घे." दोनच शब्द. मी पेढा तोंडात घातला आणि मला तो गिळता येईना. बारामतीला परत जाताना गाडीवर मी शिट्टी वाजवत होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून डॉक्टरांचा, पावसाळाभर अडकलेला, नवा कंप्रेसर आला. त्याच दुपारची ऑपरेशनं ठरलेली. गावोगावची म्हातारी माणसं सकाळपासून दवाखान्याच्या बाकांवर, कपाळाला चिकटपट्टी, डोळ्यांत थेंब घातलेले. ऑक्टोबरचं ऊन असं, की खोलीत दिवा लावला तर डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम रुग्णाच्या डोळ्यावर पडेल. मी तुम्हांला मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरांनी तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि इंग्रजी-मराठी मिसळून म्हणाले, "हा दुसरा कंप्रेसर आहे. तिसरा मी आणणार नाही. हाही गेला तर पुण्याचीच माणसं बोलवीन, कायमची." ते माझ्याशी बोलत होते, पण ऐकायचं तुम्हांला होतं. बस, एवढंच पणाला होतं त्या दिवशी: इंदापुरात तात्या मिस्त्री हे नाव राहणार की जाणार.

मशीनची बाहेरची पेटी मागच्या गॅलरीत. लाईट गेलेली, त्यामुळं खाली अंगणात जनरेटर लावलेला. आपण जुना कंप्रेसर काढला, नळ्या धुतल्या, नवा बसवला, सांधे झाळले. नायट्रोजननं दाब देऊन साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठं बुडबुडा नाही. मी पंप जोडला आणि चालू केला. गेजचा काटा खाली जातो, जातो, आणि तळाच्या जरा आधी थांबतो. मी थांबलो. काटाही थांबलेलाच. मधला व्हॉल्व्ह बंद करून पाहिलं तर काटा हळूहळू वर चढायला लागला. आता ह्याचे दोनच अर्थ. एकतर सांधा गळतोय, म्हणजे सगळं पुन्हा उघडा, पुन्हा झाळा, आणि आजचा दिवस गेला. नाहीतर पंप.

त्या वेळी मी ओळखलं. पंपाशी गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, "आवाज बिघडलाय. तेलात पाणी हाय." मग काचेवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. आत तेल पांढरं. अगदी घुसळलेल्या ताकासारखं. पंप नुसता ठेवलेला असताना पाणी तळाशी गप्प बसलेलं होतं. फिरायला लागला तसं तेलात मिसळलं. पाणी कुठून आलं ते त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पूजेला हत्यारं धुतात. पान्यांवर ओततात तसं कळशीतलं पाणी पंपावर ओतलेलं, आणि वरच्या बाजूला धूर जायचं तोंड उघडं. त्याचं टोपण येतानाच नव्हतं, आणि मीही कधी शोधलं नव्हतं.

डॉक्टर मागं उभे होते. "पाणी? ह्यात पाणी कसं गेलं?"

तुम्ही कठड्याला टेकून अंगणाकडं बघत होता. मी म्हणालो, "माज्याकडनं झालं, सायेब. तोंड उगडं ऱ्हायलं."

आणि तुम्ही वळलात. तात्या, तुमचं ते बोलणं मला शब्दांसकट पाठ आहे. "म्हस इकून पंप घेतलास, आन त्येला झाकायचं कळंना व्हय तुला? आख्ख्या गावाला नियम सांगत फिरतुय. त्याल असलंच पायजे, त्याल तसलंच पायजे. लाज वाटू दी जरा. डाक्टर, ह्येला मी शिकीवला, पर ह्येला एवडं न्हाय शिकवाय जमलं बगा." दवाखान्यातली मावशी दारातून बघत होती. माझे कान तापले. तोंडावर आलं होतं, की तात्या, पाणी कुणी ओतलं? एवढंच. चार शब्द. मी ते पेढ्यासारखेच गिळले आणि ड्रेनचा स्क्रू ढिला केला.

पंपाचं तेल माझ्याकडं एकच डबा, एकदा भरण्यापुरतं. ते आत्ताच घातलं तर उरलेल्या ओलीनं तेही पांढरं होणार. नव्या कंप्रेसरबरोबर आलेलं त्याचं तेल होतं, कोरडं, सीलबंद. त्यानं पंप धुवायचा ठरवलं. मावशीनं दवाखान्याची स्टीलची थाळी आणून दिली, ऑपरेशनला वापरतात ती. थाळीत पांढरं तेल उतरायला लागलं तशी ती म्हणाली, "आवं, ह्ये ताक कुणाचं?" कुणी हसलं नाही. कंप्रेसरचं तेल घातलं, ओल बाहेर टाकायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप तापेपर्यंत चालवला, पुन्हा काढलं. दुधाच्या धुवणासारखं. पुन्हा घातलं. मध्येच बाकावरची एक म्हातारी, वडगाव निंबाळकरची, नातवाच्या हाताला धरून गॅलरीच्या दारापर्यंत आली.

"बाबा, तुजं यंतर कवा गार हुयाचं? आदी धुसर दिसत हुतं, आता थेंब घालून ह्यांनी त्येबी घालीवलं."

"हुतंय, आजी. बसा जरा."

"बसल्यालीच हाय की सकाळधरनं. उटून आले ती तुला बगाया. पर तूबी दिसंना."

डॉक्टर परत आले. घड्याळ बघत म्हणाले, "ऐका. गॅस भरा आणि चालू करा. आजचा दिवस निघू दे, बाकीचं नंतर बघू. हवा तर काढली ना थोडी?" म्हणजे धुपवा. बरोबर पहिल्या वेळसारखं. आणि खरं सांगतो, माझा हात गॅसच्या सिलिंडरकडं गेला होता. खोली तासाभरात गार झाली असती, म्हातारी घरी जाऊन नातवंडं बघू शकली असती, डॉक्टर खूश झाले असते. कंप्रेसर पुढच्या उन्हाळ्यात बसला असता. उन्हाळा लांब होता.

तुम्ही कठडा सोडून आलात आणि डॉक्टर आणि माझ्यामध्ये, गॅलरीच्या उंबऱ्यावर, खाली बसलात. मांडी घालून. कुणाला आत यायचं झालं तर तुम्हांला ओलांडून यावं लागेल असे. "सायेब," तुम्ही म्हणालात, आवाज अगदी खाली, "मागल्या येळला घाई मी केली हुती. ह्या गड्यानं न्हाय. ह्यो थांबा म्हनत हुता. तुमचा कंप्रेसर माज्या घाईनं जळला. आता ह्येला करू द्या. लोकांस्नी मी सांगतो थांबाया."

 डॉक्टर आत गेले आणि दोघांना तेवढं आजसाठी ठेवा, बाकीचे उद्या, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या वेळी मी थांबा म्हणत होतो, हे खरं होतं का? मला आठवत नव्हतं. अजूनही नीट आठवत नाही. तुम्ही ते माझ्यासाठी तिथल्या तिथं तयार केलंत की खरंच तुमच्या लक्षात होतं, हे मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा काढलेलं तेल स्वच्छ होतं. मग पंपाचं खरं तेल घातलं, काचेच्या मध्यावर, आणि पंप पुन्हा मशीनला जोडला. काटा खाली गेला, मघाच्या जागेवर रेंगाळला, आणि मग तिथून पुढं गेला. आता नुसती वाट बघायची. व्हॅक्यूमला घाई करून चालत नाही. आतली ओल उकळून वाफ होऊन निघावी लागते, तिचा वेळ तीच घेते. तुम्ही उंबऱ्यावर, मी पंपाशी. आपल्यात बोलणं नाही. आणि अंगणातून वॉचमन ओरडला, "लाईट आली!"

म्हणजे आता तो जनरेटर बंद करून स्विच बदलणार. मधल्या त्या झटक्यात पंप थांबणार, आणि व्हॉल्व्ह उघडा असेल तर पंपातलं तेल मशीनमध्ये. मी "थांब, थांब" म्हणून अंगणाकडं ओरडलो, आणि वळून व्हॉल्व्हकडं हात नेला तर तिथं आधीच तुमचा हात होता. व्हॉल्व्ह बंद. पंप थांबला, घरघरत पुन्हा चालू झाला, तुम्ही मोजून धीर धरलात आणि व्हॉल्व्ह हळू उघडलात. ज्या पंपावर तुम्ही कधी काम केलं नव्हतं, ज्याचे नियम सांगताना तुम्ही हातोडा मारायचात. जनरेटर बंद झाला होता, सगळीकडं अचानक शांत झालं होतं, आणि त्या शांततेत पंपाच्या पोटातून ती कोरडी बारीक टिकटिक येत होती. तुम्ही म्हणालात, "धरलंय आता." मी म्हणालो, "व्हय." एवढंच.

संध्याकाळी खोली गार झाली. वडगावच्या आजींचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं, कारण त्यांनी कुणाला पुढं जाऊच दिलं नाही. तो कंप्रेसर डॉक्टरांनी दवाखाना मुलाकडं दिला तोपर्यंत चालला. फोन पुन्हा तुमच्याकडं यायला लागले.

पुढच्या खंडेनवमीला मी हत्यारं ठेवायला आलो तर तुम्ही पंप माझ्या हातातून घेतलात आणि बाजूला, कोरड्या पाटावर ठेवलात. सकाळी बाकी सगळं धुतलेलं, पंप मात्र नव्या कोऱ्या फडक्यानं पुसलेला. कुंकू त्याच्या अंगावर नाही, खाली कागदावर. काच मोकळी. आणि धुराच्या तोंडावर रबरी बूच, औषधाच्या बाटलीचं, दवाखान्यातून मागून आणलेलं, ते हरवू नये म्हणून दोऱ्यानं दांडीला बांधलेलं. मी ते बूच बोटानं दाबून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "परसाद घे." तुम्ही पाण्याचं एक अक्षर काढलं नाहीत, मीही नाही. ते बूच पुढं कडक झालं, चिरलं, बदललं. दोरा तोच आहे.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. ते पंपाच्या पेटीत, तेलकट फडक्याखाली राहील, आणि पुढचं तेल बदलताना बहुधा हात पुसायला जाईल. पण ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं मान कलती करून डोळे मिटत आलो, तिचं तेवढं सांगून टाकतो. त्या गॅलरीत काटा अडला तेव्हा तुम्ही कुंकवाच्या काचेकडं पाहिलंत, तुमचा चेहरा उतरला, आणि तुम्ही पटकन अंगणाकडं वळलात. मी तुमच्या नजरेमागं काचेकडं गेलो. कानाचं काही कामच नव्हतं, तात्या. खाली जनरेटर चालू होता. त्या दिवशी पंपाचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तो लाईट आल्यावर.